‘भाग : पूर्ण’ समसंबंध कसे सोडवायचे

गोव्यात सरकारी नोकरीच्या तयारीला लागलेल्या मुलामुलींना बुद्धिमत्ता चाचणीतले समसंबंध, म्हणजे दिलेल्या जोडीतले नाते ओळखून तसेच नाते असलेली दुसरी जोडी शोधायचे प्रश्न, फुकटचे गुण वाटतात. पाकळी : फूल, पान : पुस्तक, बोट : हात. यात शिकायचे काय? मग उत्तरसूची येते आणि नेमके याच प्रश्नांत दोन-चार गुण गळालेले दिसतात. याचे कारण असे की परीक्षक तुम्हाला वाटतो तितका साधा नसतो. तो बहुतेक पर्यायांत ‘भाग आणि पूर्ण’चीच जोडी घालून ठेवतो. ‘हा त्याचा भाग आहे’ एवढे ओळखून तुम्ही थांबलात तर तीन-तीन पर्याय बरोबर वाटायला लागतात आणि शेवटी अंदाजपंचे गोल भरला जातो.

म्हणून इथे एकच गोष्ट शिकायची आहे. भाग कसा आहे आणि पूर्ण वस्तूत तो काय करतो, हे एका वाक्यात बोलता आले पाहिजे. ते वाक्य जमले की उत्तर शोधावे लागत नाही. ते वाक्य पर्यायांवर लावत गेले की चुकीचे पर्याय आपोआप गळतात.

परीक्षांचे म्हणाल तर केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षांत हे प्रश्न हमखास असतात. त्याची एमटीएस (मल्टी टास्किंग स्टाफ) परीक्षा इंग्रजी-हिंदीखेरीज १३ प्रादेशिक भाषांत देता येते आणि त्यांत मराठीही आहे, कोंकणीही आहे. आपल्याकडच्या बऱ्याच जणांना हे ठाऊक नसते. गोवा कर्मचारी भरती आयोगाची परीक्षा संगणकावर होते. तिचा अभ्यासक्रम पदागणिक बदलतो, तेव्हा जाहिरातीतला मजकूर आधी नीट वाचा. बँकांच्या परीक्षांत अलीकडे कोडी आणि बैठक-व्यवस्था यांचा भर जास्त, समसंबंध कमी. फक्त बँकेचीच तयारी करत असाल तर या प्रकरणावर फार वेळ घालवू नका.

पायरी १ : जोडीचे वाक्य करा

प्रश्न वाचला की लगेच पर्यायांकडे धावू नका. ही सवय मोडणे सगळ्यात कठीण. पर्याय हाताने झाकून ठेवा म्हणून मी सांगतो ते याचसाठी. संगणकाच्या पडद्यावर तळहात धरायला संकोच वाटत असेल तर नजर खाली घ्या, पण आधी वाक्य करा.

समजा प्रश्न आहे, सुकाणू : जहाज. पहिले वाक्य सुचेल ते असे : ‘सुकाणू हा जहाजाचा भाग आहे.’ हे सैल वाक्य. आता पर्याय बघा.

(अ) हँडल : सायकल
(ब) पॅडल : सायकल
(क) घंटी : सायकल
(ड) सीट : सायकल

सैल वाक्य चौघांनाही बसते. मग ते आवळा : ‘सुकाणू हा जहाजाचा असा भाग, ज्याने जहाजाची दिशा वळवतात.’ आता ‘घंटी’ने दिशा वळत नाही, ‘सीट’ने वळत नाही. ‘पॅडल’ सायकलला पुढे ढकलते, म्हणजे ते जहाजाच्या पंख्याच्या जागी बसेल, सुकाणूच्या नाही. उरले ‘हँडल’. उत्तर (अ).

नवखा माणूस ‘पॅडल’वर का अडकतो? सायकल म्हटली की पॅडल आधी डोळ्यांसमोर येते म्हणून. जो भाग ठळक, तोच महत्त्वाचा असे वाटते. परीक्षकाला हे पक्के माहीत असते.

पायरी २ : भाग काढून पाहा

वाक्य करायचे कसे, हा पुढचा प्रश्न. मला सगळ्यांत उपयोगी वाटणारी युक्ती अशी : तो भाग मनातल्या मनात उचलून बाजूला ठेवा आणि मागे काय होते ते पाहा. जोडी कोणत्या जातीची आहे हे त्यावरून कळते.

जहाजाचे सुकाणू काढले तर जहाज तरंगत राहते, पण वळत नाही. म्हणजे एक विशिष्ट काम बंद पडले. ही ‘घटक आणि वस्तू’ची जोडी. बिजागरी : दार, कप्पी : रहाट, तार : सतार या सगळ्या याच घरच्या. इथे वाक्यात काम आलेच पाहिजे.

दिंडीतला एक वारकरी पाणी प्यायला बाजूला थांबला तर दिंडी थांबत नाही. टाळ एका जोडीने कमी वाजेल, एवढेच. इथे प्रत्येक जण दुसऱ्यासारखाच, कोणाला वेगळे काम नेमून दिलेले नाही. ही ‘सदस्य आणि समूह’ची जोडी. सैनिक : पलटण, तारा : नक्षत्र, केळे : घड. गोव्याच्या विधानसभेत ४० जागा आहेत. एक जागा रिकामी झाली म्हणून सभागृह बंद पडत नाही, म्हणून आमदार : विधानसभा हीसुद्धा इथेच. चतुर्थीला गणपतीवर फळे-पाने लटकावून बांधतात ती माटोळीही समूहच. तिच्यात सुपारीचा घड हा सदस्य आणि माटोळीची लाकडी चौकट हा घटक. चौकट काढली तर सगळेच खाली येईल. एकाच वस्तूत दोन नाती नांदत असतात, हे यावरून लक्षात ठेवा.

मानकुरादाची एक फोड उचलली तर आंबा कमी झाला. पण हातातली फोडही आंबाच आहे. ‘आंबा खाल्ला’ असेच आपण म्हणतो. ही ‘तुकडा आणि अखंड’ची जोडी, आणि तिची कसोटी हीच की तुकड्याला अखंडाचे नाव शोभते. चतकोर : भाकरी, थेंब : पाणी, ढेकूळ : माती. सुकाणूला कोणी जहाज म्हणणार नाही, म्हणून ते तुकडा नाही. फोड की साल, असा पर्याय आला तर ही कसोटी लावा. साल आंब्याचा घटक आहे, फोड तुकडा आहे.

घुमटाचे उदाहरण मला फार आवडते, कारण त्यात एकाच वाद्यावर दोन प्रश्न काढता येतात. मातीचे भांडे, दोन्ही बाजूंनी उघडे, आणि मोठ्या तोंडावर ताणून बसवलेले कातडे. पूर्वी घोरपडीचे कातडे लावत. वन्यजीव कायद्याने ते बंद झाले आणि आता बकऱ्याचे लावतात. २०१९ साली गोवा सरकारने या वाद्याला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला. आता कातडे काढा. भांडे शिल्लक राहते, पण नाद गेला. म्हणजे कातडे : घुमट ही घटकाची जोडी. माती काढायची म्हटले तर? भांडेच उरत नाही. माती : घुमट ही ‘द्रव्य आणि वस्तू’ची जोडी. त्याच घरात लाकूड : दार, सूत : कापड, पितळ : समई. परीक्षेत ‘पितळ : समई’ला ‘वात : समई’ हा पर्याय जोडून देतात आणि उमेदवार गडबडतो. कशाची बनली आहे आणि कशाने जळते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

जत्रेतल्या नाटकाला रात्री उशीर झाला की एखादा प्रवेश गाळतात, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. प्रवेश : नाटक. इथे पूर्ण म्हणजे हातात धरायची वस्तू नाही, घडत जाणारी गोष्ट आहे. ही ‘टप्पा आणि क्रिया’ची जोडी : पेरणी : शेती, आरती : पूजा, नाणेफेक : सामना. अशा जोडीत टप्पा आरंभीचा, मधला की शेवटचा, हे वाक्यात आलेच पाहिजे.

राहिली ‘जागा आणि प्रदेश’. मडगाव : सासष्टी, मरूद्यान : वाळवंट. ही जागा उचलून बाजूला ठेवताच येत नाही. तीच हिची खूण.

ही विभागणी मी मनाने केलेली नाही. मॉर्टन विन्स्टन, रॉजर चॅफिन आणि डग्लस हरमन या अमेरिकी अभ्यासकांनी १९८७ साली भाग-पूर्ण नात्याचे असेच सहा प्रकार मांडले. सायकलचे पॅडल आणि ताफ्यातले जहाज ही त्यांची उदाहरणे. दिंडी, घुमट आणि माटोळी माझी. प्रकारांची नावे पाठ करण्याची काही गरज नाही. परीक्षेत नाव कोणी विचारत नाही, काढून पाहिल्यावर काय होते ते दिसले की झाले.

या सहांत न बसणारा एक सातवा नातलग म्हणजे मापे. मिनिट : तास. इथे काढून वगैरे पाहायचे नाही, आकडा पाहायचा. पर्याय असे येतात : दिवस : महिना, सेकंद : मिनिट, तास : दिवस, आठवडा : महिना. सगळे काळाचेच भाग. पण ६० मिनिटांचा तास, तर ६० सेकंदांचे मिनिट. उत्तर एका फटक्यात मिळते. मापाची जोडी दिसली की पहिल्यांदा गुणोत्तर आठवा.

पायरी ३ : दिशा तपासा

डावीकडे भाग आहे की पूर्ण? हे बघायला अर्धा क्षण लागतो आणि तेवढ्यात बहुधा दोन पर्याय उडतात. माझ्या मते सगळ्यात स्वस्तातला फायदा हाच.

देऊळ : कळस :: ?

(अ) जोते : घर
(ब) घर : जोते
(क) डोंगर : शिखर
(ड) गाभारा : देऊळ

डावीकडे पूर्ण, उजवीकडे भाग. (अ) आणि (ड) उलटे आहेत, ते गेले. (ड) तर फसवण्यासाठीच ठेवला आहे. प्रश्नात देऊळ, पर्यायातही देऊळ, म्हणून हात तिकडे वळतो. प्रश्नातलाच शब्द पर्यायात दिसला तर उलट सावध व्हा. आता (ब) आणि (क) उरले. वाक्य : ‘कळस हा देवळाचा सगळ्यात वरचा भाग.’ जोते सगळ्यात खालचे. शिखर सगळ्यात वरचे. उत्तर (क). देऊळ माणसाने बांधले आणि डोंगर निसर्गाचा, म्हणून जोडी जमत नाही असे काही जण म्हणतात. वाक्यात बांधण्याचा विषयच नाही, तर तो मध्ये आणायचा कशाला? ज्यावरून पर्याय वेगळे पडतात, तेवढेच वाक्यात घ्यायचे.

पायरी ४ : दोन उरले की वाक्य आणखी आवळा

इथे थोडे थांबून एक प्रश्न जवळून पाहू. खाजन शेती तुम्ही पाहिली असेलच. खाडीच्या काठाने बांध आणि बांधात मानस, म्हणजे लाकडी दारांची मोरी. ओहोटीला आतले पाणी दार ढकलून बाहेर जाते. भरती आली की बाहेरचे पाणी तेच दार दाबून बंद करते आणि खारे पाणी शेतात शिरत नाही.

मानस : बांध :: ?

(अ) वीट : भिंत
(ब) दार : भिंत
(क) खिळा : दार
(ड) गिलावा : भिंत

दिशा सगळ्यांची सारखी, भाग आधी आणि पूर्ण नंतर. तिथे काही सुटत नाही. पहिले वाक्य : ‘मानस हा बांधाचा भाग आहे.’ चौघेही पास. दुसरे वाक्य : ‘मानस बांधात बसवलेली असते.’ आता गिलावा वरून लावलेला असतो, तो जरा मागे पडला. पण वीट भिंतीत असतेच, खिळाही दारात ठोकलेला असतो. तिसरे वाक्य : ‘मानस ही बांधातली अशी जागा, जिथून आतबाहेर जाता येते आणि जी बंदही होते.’ आता वीट गेली, खिळा गेला. दार राहिले. उत्तर (ब).

बांध आडवतो आणि मानस त्यातूनच वाट देते. भिंत आडवते आणि दार वाट देते. भाग पूर्णाच्या कामाला मदत करतो की पूर्णात मुद्दाम ठेवलेली सूट आहे, असा फरकही परीक्षक विचारू शकतो. चांगला प्रश्न कसा असतो ते इथे दिसते. बाजारातल्या गाइडांमध्ये असे प्रश्न कमी आणि ‘चाक : गाडी’ छापाचे जास्त, म्हणून गाइड संपवून गेलेला उमेदवारही अडखळतो.

वाक्य आवळताना विचारायचे प्रश्न साधारण हेच : काम काय? जागा कुठे, वर, खाली, आत की बाहेर? संख्या किती, एकच की पुष्कळ? काढता-घालता येतो की अंगचाच? ‘करवंटी : नारळ’ची जोडी ‘टरफल : भुईमुगाची शेंग’शी जुळते, ‘आठळी : फणस’शी नाही, कारण करवंटी खायच्या भागाला बाहेरून झाकते आणि आठळी गऱ्याच्या आत असते. एकदम चारही प्रश्न विचारत बसू नका. दोन पर्याय उरले असतील तर त्या दोघांत फरक कशाचा आहे, तेवढेच विचारा.

भागासारखे दिसणारे, पण भाग नसलेले

काही जोड्या भाग-पूर्णाचा वेष घेऊन येतात. सगळ्यात जास्त फसवतो तो ‘प्रकार’. मानकुराद : आंबा. मानकुराद हा आंब्याचा भाग आहे का? नाही, मानकुराद हा आंबाच आहे. ‘अमुक हा एक तमुक आहे’ हे वाक्य सरळ बसले की ती प्रकाराची जोडी. उकडा : तांदूळ, इसवण : मासा तशाच. फोडीच्या बाबतीतही ‘फोड आंबाच आहे’ असे आपण वर म्हटले, मग फरक काय? फोडींनी आंबा बनतो. सगळ्या फोडी परत जोडल्या तर एक आंबा होईल. मानकुराद, मुसराद आणि हापूस जोडून एक आंबा होत नाही.

बाकीचे पटापट. काजूचे घ्या. बोंडू : काजू हा भाग. फेणी : काजू ही काजूपासून केलेली वस्तू, भाग नाही. कोयता : रेंदेर (माडाची सूर काढणारा) हे साधन आणि ते वापरणारा. पाणी : घागर म्हणजे आतला पदार्थ आणि भांडे. मासा : रापण म्हणजे सापडणारा आणि जाळे. प्रवासी : फेरीबोट, गुराखी : कळप यांत माणूस तिथे आहे, पण भाग नाही. गुराखी कळपाबरोबर चालतो, कळपात मोजला जात नाही. ‘वारकरी : दिंडी’ला ‘गुराखी : कळप’ असा पर्याय दिला की पुष्कळांची विकेट जाते.

मधली पायरी गाळू नका

पखवाजवादकाचा हात हा पखवाजवादकाचा अवयव. पखवाजवादक हा भजनी मंडळाचा सदस्य. म्हणून हात भजनी मंडळाचा भाग? कोणी तसे म्हणत नाही. घटकाचे नाते आणि सदस्याचे नाते एकापुढे एक जोडले की साखळी तुटते.

परीक्षेत हे वेगळ्या तऱ्हेने येते. अक्षर : शब्द :: शब्द : ? आणि पर्याय वाक्य, परिच्छेद, पुस्तक, भाषा. शब्द या चारही ठिकाणी असतो. पण अक्षरापासून शब्द ही एकच पायरी आहे, म्हणून शब्दापासूनही एकच पायरी चढायची. उत्तर ‘वाक्य’. पंचायत, तालुका, जिल्हा, राज्य अशा जोड्यांतही पायऱ्या मोजा. आणि गावे-तालुके-जिल्हे यांवरचा प्रश्न असेल तर चालू वर्षाची माहिती धरा, कारण सीमा आणि विभागणी सरकार बदलत असते आणि जुन्या गाइडात जुनीच छापलेली असते.

पेपर इंग्रजीत असेल तर

मराठी माध्यमातून प्राथमिक शिक्षण झालेल्यांना तर्क अडवत नाही, शब्द अडवतो. ‘रंग : लॅडर’ वाचून रंगाचा विचार करणारे मी पाहिले आहेत. तो शिडीचा दांडा, पायरी. वस्तूंच्या भागांची इंग्रजी नावे शाळेच्या धड्यांत फारशी येत नाहीत, म्हणून ती वेगळी गोळा करावी लागतात. वारंवार दिसणारी काही अशी : स्पोक, हब आणि रिम चाकाचे, हिंज दाराचे, सोल आणि हील बुटाचे, ब्रिम टोपीची कड, स्लीव्ह सदऱ्याची बाही, विक मेणबत्तीची वात, योक अंड्यातला पिवळा बलक, कर्नल कवचाच्या फळातला गर, मास्ट, कील आणि रडर जहाजाचे, स्टँझा कवितेचे कडवे. समूहांतले : शिप-फ्लीट, स्टार-कॉन्स्टेलेशन, आयलंड-आर्किपेलागो, सिंगर-क्वायर.

शब्द अडला तरी प्रश्न लगेच सोडू नका. दुसऱ्या बाजूचा शब्द कळत असेल तर दिशा कळते, आणि पर्यायांतल्या ज्या जोड्या मुळातच भाग-पूर्ण नाहीत त्या गळतात.

सरावासाठी एक जुना साठा सुचवतो. अमेरिकेतल्या सॅट परीक्षेने २००५ साली आणि जीआरईने २०११ साली समसंबंधाचे प्रश्न काढून टाकले. त्याआधीची सराव-पुस्तके जुन्या पुस्तकांच्या दुकानात स्वस्तात मिळतात, कारण ती आता कोणाला नको असतात. त्यांतले शब्द आपल्या परीक्षांपेक्षा बरेच जड, पण पर्याय कसे रचतात हे शिकायला त्यांच्याइतके चांगले काही नाही.

वेळ आणि कापले जाणारे गुण

कर्मचारी निवड आयोगाच्या सीजीएल (पदवीधरांसाठीच्या) परीक्षेचा पहिला टप्पा घ्या : १०० प्रश्न, ६० मिनिटे. म्हणजे प्रश्नाला सरासरी ३६ सेकंद. समसंबंध त्याच्या निम्म्या वेळेत सुटला पाहिजे, म्हणजे उरलेला वेळ गणिताला देता येतो. वाक्य तीनदा आवळूनही दोन पर्याय राहिले तर पुढे चला.

पण जाताना गोल रिकामा ठेवायचा का? हिशेब करा. बरोबर उत्तराला २ गुण, चुकीला अर्धा वजा. दोन पर्याय खात्रीने बाद करून उरलेल्या दोघांतला एक लावला तर सरासरी पाऊण गुण हाती येतो. तेव्हा लावा. एकही पर्याय बाद करता आला नाही तर ही सरासरी एक अष्टमांश गुण इतकी खाली येते, तेवढ्यासाठी डोके खर्चू नका. एमटीएसच्या पहिल्या सत्रात, जिथे हे प्रश्न असतात, तिथे गुण कापत नाहीत, म्हणून तिथे काहीच रिकामे सोडायचे नाही. हे नियम वर्षागणिक बदलू शकतात, आपल्या जाहिरातीशी ताडून घ्या.

घरचा सराव

पुस्तक हाती नसतानाही सराव होतो. रोज एक पूर्ण वस्तू घ्या आणि तिचे जमतील तेवढे भाग मराठीत आणि इंग्रजीत सांगा, प्रत्येकाला काढून पाहा. चोडणला जाणाऱ्या फेरीच्या रांगेत उभे असाल तर फेरीबोट घ्या : रॅम्प, साखळी, डेक, केबिन, इंजिन. साखळी काढली तर काय होईल? खलाशी घटक की सदस्य? जुने घर घ्या : वासे, नळे (कौले), तुळई, जोते, बाल्कांव (दारापुढची बसायची जागा). नळा एक काढला तर गळेल, म्हणजे काम बिघडले. पण नळे शेकडो आणि सगळे सारखे, मग तो सदस्य का नाही? यावर मित्राशी वाद घाला. माझे मत विचाराल तर नळा घटकच, कारण तो छपरावर ठरलेल्या जागी बसतो, आणि समूहातल्या सदस्याला अशी जागा नेमून दिलेली नसते.

आता हे सहा सोडवा. वाक्य कागदावर लिहा, नुसते उत्तर नको.

१. खांब : सभामंडप :: (अ) कळस : देऊळ (ब) पाय : टेबल (क) खुर्ची : सभागृह (ड) गज : खिडकी

२. आमदार : विधानसभा :: (अ) मतदार : निवडणूक (ब) पंच : पंचायत (क) सचिव : पंचायत (ड) इमारत : सचिवालय

३. केळे : घड :: (अ) बी : पपई (ब) साल : केळे (क) किल्ली : जुडगा (ड) दोरा : हार

४. चतकोर : भाकरी :: (अ) पीठ : भाकरी (ब) फोड : कलिंगड (क) पाव : पोदेर (ड) तवा : भाकरी

५. वात : समई :: (अ) तेल : दिवा (ब) पितळ : समई (क) फिलामेंट : बल्ब (ड) काच : बल्ब

६. नाणेफेक : सामना :: (अ) नांदी : नाटक (ब) प्रेक्षक : नाटक (क) पडदा : रंगमंच (ड) भरतवाक्य : नाटक

उत्तरे. पहिल्याचे (ब) : खांब वरचा भार पेलतो, टेबलाचे पायही. दुसऱ्याचे (ब) : पंच निवडून आलेला सदस्य, सचिव नोकरीवरचा. तिसऱ्याचे (क) : सारख्या वस्तूंचा जुडगा, आणि दोरा हाराला धरून ठेवतो म्हणून तो घटक. चौथ्याचे (ब) : तुकडा आणि अखंड. पीठ द्रव्य, तवा साधन, पोदेर पाव करणारा. पाचव्याचे (क) : उजेड देणारा भाग. तेल इंधन आहे, काच उजेड देत नाही. सहाव्याचे (अ) : नाणेफेक सामन्याच्या आरंभी, नांदी नाटकाच्या आरंभी, आणि भरतवाक्य येते ते पडदा पडण्याआधी, म्हणून (ड) टप्पा असूनही चुकीचा.